यादीतून गेलेली सात नावं : महाविद्यालय विकास समितीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, मा. सचिव, मा. प्राचार्य
आणि महाविद्यालय विकास समितीचे सर्व सन्माननीय सदस्य

सादर नमस्कार.

२४ नोव्हेंबरला जिमखान्याच्या फलकावर तीन ओळींची एक सूचना लागली. ‘महिला फुटबॉल संघासाठी पुरेशी खेळाडूसंख्या उपलब्ध होत नसल्याने पुढील शैक्षणिक वर्षापासून सदर संघाची नोंदणी करण्यात येणार नाही. संघासाठीची तरतूद अन्य क्रीडाप्रकारांकडे वर्ग करण्यात येईल.’ खाली सही, शिक्का आणि जावक क्रमांक. संध्याकाळी सरावाला आलेल्या मुलींनी तिचा फोटो काढून मला पाठवला. सोबत एवढंच लिहिलं होतं : ‘ताई, आता काय?’

त्याआधी तीनच आठवडे, २ नोव्हेंबरला, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला होता. आपल्या प्रवेशद्वारावर अभिनंदनाचा मोठा फलक लागला. त्यावर सांगलीच्या स्मृती मानधनाचा फोटो होता. आमच्या मुलींना त्या फलकाचा खरंच आनंद झाला होता, सरावाच्या कपड्यांतच त्याच्यापुढे उभं राहून त्यांनी फोटो काढले होते. सूचना लागली त्या दिवशी तो फलक अजून उतरवलेला नव्हता.

मी आपलीच विद्यार्थिनी. २०१४ मध्ये महाविद्यालयात मुलींचा फुटबॉल संघ पहिल्यांदा उभा राहिला, तेव्हा गोलमध्ये मी होते. तिसऱ्या वर्षी कर्णधार होते. बी.कॉम. झाले आणि आज एका पतसंस्थेत हिशेब बघते. गेली चार वर्षं कामावर जाण्याआधी, सकाळी सहा ते साडेसात, मी ग्राउंडवर असते. सकाळी शहरातल्या आणि हॉस्टेलच्या मुली येतात. गोलकीपर आणि नव्या मुली माझ्याकडे असतात. मानधन घेत नाही, कधी मागितलेलंही नाही. जिमखान्याच्या सरांवर एकट्यानं चौदा खेळ सांभाळायची वेळ आहे. त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही, त्यांनी वेळोवेळी शब्द टाकला म्हणूनच हा संघ इतका टिकला.

महाविद्यालयाचं नाव मी या पत्रात मुद्दाम लिहिलेलं नाही. संस्था माझी आहे आणि मला ती हवी आहे. मुलींची नावंही नाहीत, त्यांच्या घरच्यांना त्रास नको. त्यांचे जर्सी नंबर लिहिते.

कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. पण बाहेरचेही वाचतील म्हणून लिहिते. इथं तालमींचे संघ आहेत : पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमच्या पायऱ्या भरतात, पेठापेठांत झेंडे लागतात, दुकानात आलेलं गिऱ्हाईक आधी स्कोअर विचारतं. याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ मध्ये १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. माझे वडील मला खांद्यावर बसवून स्टेडियमला न्यायचे. सात वर्षांची असताना मी त्यांच्याकडे गोलकीपरचे हातमोजे मागितले, तर त्यांनी हसून कुल्फी घेऊन दिली. हातमोजे मला मिळाले ते अठराव्या वर्षी, आपल्या महाविद्यालयात, आपल्या जिमखान्यातून. ते ऋण मी विसरलेली नाही, आणि म्हणूनच ही सूचना मला मुकाट्यानं गिळता येत नाही.

सूचनेत ‘उपलब्ध होत नसल्याने’ असं म्हटलं आहे. जुलै २०२४ मध्ये यादीत १८ मुली होत्या, आज ११ आहेत. सामना सुरू करायला खेळाच्या नियमानं किमान ७ खेळाडू लागतात, त्यामुळे ११ जणींचा संघ नियमात बसतो. तरी राखीव खेळाडू नसताना संघ उतरवणं बरं नव्हे, हे मलाही मान्य आहे. सात नावं कमी झाली हे खरंच आहे. पण प्रत्येक नाव कशानं कमी झालं हे सूचनेत नाही, आणि मला वाटतं समितीलाही ते कुणी सांगितलेलं नाही. म्हणून एकेक सांगते.

४ नंबर. लेफ्ट बॅक. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. विद्यापीठाच्या संघात तिची निवड झाली. आपल्या महाविद्यालयातून सहा वर्षांत अशी निवड झालेली ही पहिली मुलगी. शिबिर आणि स्पर्धा मिळून ती १९ दिवस बाहेर होती. खेळासाठी बाहेर असलेल्या दिवसांची हजेरी धरता येते, त्यासाठी जिमखान्याचं पत्र विभागात जावं लागतं. पत्र जिमखान्यातून निघालं, कार्यालयात दुसऱ्याच फाईलला लागलं आणि विभागात पोचलं नाही. सत्राच्या शेवटी तिची हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली भरली. डिफॉल्टर यादीत तिचं नाव लागलं, आणि त्याच भिंतीवर दोन हातांवर तिच्या निवडीचं वर्तमानपत्रातलं कात्रण अजून चिकटवलेलं होतं. वडिलांना बोलावून घेतलं. परीक्षेला बसू दिलं, पण आधी हमीपत्र लिहून घेतलं : ‘यापुढे खेळाच्या कारणाने गैरहजर राहणार नाही.’ वडिलांनी सही केली. ते शेतकरी आहेत, कॉलेजच्या ऑफिसात पहिल्यांदाच आले होते, आणि चारचौघांत मुलीमुळे मान खाली घालावी लागली असं त्यांना वाटलं. घरी गेल्यावर त्यांनी तिचे स्टड माळ्यावर टाकले. चूक एका पत्राची होती. ती चूक आपण आजवर कबूल केलेली नाही.

९ नंबर. आमची सगळ्यांत वेगवान मुलगी. राधानगरी तालुक्यातून रोज येते. सकाळी सहाला गाठ घालणारी गाडी तिच्या गावाहून नाही, म्हणजे तिला संध्याकाळचाच सराव. ग्राउंड चार ते साडेपाच मुलांना आणि साडेपाचनंतर मुलींना, अशी विभागणी किती वर्षांपूर्वी ठरली हे आता कुणाला आठवतही नाही. तिच्या गावाकडची शेवटची एसटी सव्वासहाला सुटते. स्टँडवर पोचायला पंधरा मिनिटं धरली, तर तिच्या वाट्याला अर्धा तास येतो, तोही हिवाळ्यात अंधारात. सप्टेंबर २०२४ मध्ये मी वेळ बदलून मागणारा अर्ज दिला. मुलांच्या संघानं स्वतःहून सांगितलं होतं की आठवड्यातले तीन दिवस आम्ही उशिरा खेळतो, मुलींना आधी द्या. अर्जाची पोच माझ्याकडे आहे. उत्तर आलेलं नाही. राधानगरी तालुक्यातल्याच कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिकचं कांस्य जिंकलं, तेव्हा महाविद्यालयात पेढे वाटले गेले. त्यानंतरच्या महिन्यातच दिलेला हा अर्ज आहे. दिवाळीनंतर ९ नंबर यायची थांबली.

११ नंबर. गेल्या जानेवारीत ग्राउंडच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात तिचा पाय अडकला. तिथं दर वर्षी गॅदरिंगच्या मांडवासाठी खड्डे खणतात आणि नंतर वरवर माती ओढतात. गुडघ्यातलं एसीएल लिगामेंट तुटलं. ग्राउंडवर प्रथमोपचाराची पेटी नव्हती, बर्फ समोरच्या रसवंतीतून आणला. तिच्या आईनं दागिने गहाण ठेवून ऑपरेशन केलं. प्रवेशाच्या पावतीत विद्यार्थी अपघात विम्याचे पैसे घेतलेले आहेत. दावा कुठं आणि किती दिवसांत करायचा, हे विचारायला ती कुबडी घेऊन दोनदा कार्यालयात आली. दोन्ही वेळा तिला ‘संबंधित रजेवर आहेत’ असं सांगण्यात आलं. मुदत निघून गेली.

इथं मला थोडं थांबून सांगायचं आहे, कारण हे टाळता येण्यासारखं होतं. ही दुखापत मुलींना मुलांच्या दुपटीहून जास्त प्रमाणात होते, हे क्रीडावैद्यकात पक्कं झालेलं आहे. फिफानं त्यासाठी ‘११ प्लस’ नावाचा सरावाआधीचा व्यायामक्रम तयार केला आहे : धावणं, तोल, मांड्यांची आणि पोटाची ताकद, उडी मारून गुडघा आत न वळवता उतरणं. वीस मिनिटं लागतात, महागडं साहित्य काही लागत नाही, आणि नेमानं केला तर दुखापती साधारण एक तृतीयांशानं कमी होतात. मी तो सकाळच्या मुलींकडून करून घेते. पण संध्याकाळी ज्यांना अर्धा तासच मिळतो त्यांनी वीस मिनिटं व्यायामाला दिली, तर बॉलला पाय कधी लावायचा? त्या व्यायाम टाळतात आणि मी रागावूही शकत नाही. ११ नंबर संध्याकाळच्या गटातली होती.

२ नंबर दुसऱ्या महाविद्यालयात गेली. तिथं तिला फी माफ आणि हॉस्टेलमध्ये जागा मिळाली. मी तिला पोचवायला गेले होते.

६ आणि १४ सख्ख्या बहिणी. वडील इचलकरंजीत यंत्रमागावर. त्यांची गोष्ट पैशांची आहे, म्हणून हिशेबाबद्दलच लिहिते.

आपलं महाविद्यालय अनुदानित आहे, म्हणजे माहिती अधिकार कायदा २००५ त्याला लागू आहे. मी दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज केला आणि मुलींच्या फुटबॉलवर तीन वर्षांत झालेला खर्च मागितला. उत्तर मुदतीत आलं, त्याबद्दल आभार. उत्तरात ‘फुटबॉल (पुरुष व महिला)’ अशी एकच ओळ आहे. मुलींचा आकडा वेगळा ठेवलेलाच नाही. आकडाच नसेल, तर सूचनेत म्हटलेली ‘संघासाठीची तरतूद’ कुठून काढली आणि ती किती रुपयांची आहे, हे मला कळलेलं नाही. रोज खतावणी बघणारी बाई म्हणून सांगते, एका खात्यात दोन संघ घातले की आधी ज्याची मागणी जाते त्याचा खर्च होतो, आणि उरलं तर दुसऱ्याचा. मुलांचे सामने आधी असतात.

व्हाउचरच्या झेरॉक्स मी पाहिल्या. मुलींच्या मापाच्या जर्सी २०१९ नंतर घेतलेल्या नाहीत. आज मुली घालतात त्या मुलांच्या जुन्या जर्सी आहेत, बाह्या कोपरापर्यंत येतात. शिनगार्ड प्रत्येकीनं स्वतः घेतले आहेत. गोलकीपरचे हातमोजे मी घेते. जिमखाना फी मात्र प्रत्येक मुलीच्या पावतीवर मुलाइतकीच आहे, आणि आपल्याकडे मुलींची संख्या मुलांपेक्षा जास्त आहे, हे वार्षिक अहवालात आपणच अभिमानानं छापलं आहे.

इंटरझोनल, म्हणजे विद्यापीठाच्या विभागाविभागांतल्या सामन्यांना जाताना मुलींनी प्रवासाचे आणि जेवणाचे पैसे आधी स्वतः भरायचे आणि टीए-डीए नंतर मिळेल, असं ठरलं. एका घरातून दोघी म्हणजे दोघींचे पैसे. बिलं दिली. सात महिने गेले. मग निम्मी रक्कम मिळाली, कारण काही मूळ तिकिटं जोडलेली नव्हती. यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा माणूस मुलींना म्हणाला, ‘खेळा, पण एकीनंच.’ त्या रात्री दोघी बोलल्या. एकीनं खेळायचं आणि दुसरीनं बघायचं हे दोघींनाही जमेना. दोघींनी जर्सी धुऊन, घडी घालून माझ्याकडे आणून दिल्या.

आणि प्रवासाचा खर्च तरी असा किती? १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे. रेल्वेची खेळाडूंसाठीची सवलत २०२० मध्ये बंद झाली, ती मुलामुलींना सारखीच बंद झाली. पण राज्याच्या हद्दीत एसटीनं नेलात, तर मुलींचा संघ मुलांच्या निम्म्या भाड्यात जातो. हा हिशेब करायला पतसंस्थेत नोकरी लागत नाही.

‘तरतूद वर्ग करण्यात येईल’ हे वाचताना मला इंग्लंडमधली एक गोष्ट आठवली. २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर बायकांचा फुटबॉल सामना बघायला ५३ हजार लोक आले होते. वर्ष सरायच्या आत, ५ डिसेंबर १९२१ ला, तिथल्या फुटबॉल असोसिएशननं संलग्न क्लबांची मैदानं बायकांना बंद केली. कारणं दोन दिली : हा खेळ स्त्रियांना योग्य नाही, आणि जमणाऱ्या पैशातला फार मोठा भाग खर्चात जातो. ती बंदी उठायला जवळजवळ ५० वर्षं लागली. आज पहिलं कारण उघड कुणी देत नाही. आपणही दिलेलं नाही, आणि आपल्या मनात ते नाही यावर माझा विश्वास आहे. दुसरं कारण मात्र अजून चालतं, म्हणून हिशेब उघडा असावा असं मी म्हणते.

आता अभ्यासाचं. एका सदस्यांनी मला सांगितलं की खेळणाऱ्या मुली मागे पडतात, आणि पालक आम्हाला बोल लावतात. मी आजच्या अकरा जणींच्या गुणपत्रिका त्यांच्या संमतीनं बघितल्या. नऊ जणींचा एकही विषय राहिलेला नाही. दोघींना केटी आहे. त्यातली एक ज्या विषयात राहिली त्याची प्रात्यक्षिक परीक्षा झोनलच्या दिवशी होती, आणि ती पुन्हा घेतली गेली नाही. दुसरीला गणित जड जातं. ती खेळत नसती तरी जड गेलं असतं, हे तिचं स्वतःचं म्हणणं आहे आणि तिला शिकवणी हवी आहे.

त्याहून मला लागलेली गोष्ट वेगळी. नव्या अभ्यासक्रमात सहअभ्यासक्रमाची श्रेयांकं (क्रेडिट) आहेत, त्यांत क्रीडा हा विषय धरलेला आहे. आपल्याकडे ती श्रेयांकं वर्गात ‘आरोग्य व स्वास्थ्य’ शिकवून देतात. रोज दीड तास धावणाऱ्या मुली त्या तासाला गैरहजर म्हणून गुण गमावतात, कारण त्या वेळी त्या सामन्याला असतात. खेळावर गुण द्यायची सोय असताना खेळल्याबद्दल गुण कापले जातात, हे मी सांगितल्यावर दोन प्राध्यापकांना धक्का बसला. म्हणजे हे कुणी ठरवून केलेलं नाही. कुणी लक्षच दिलेलं नाही.

याच मुलींचे फोटो मात्र नॅकसाठी, म्हणजे महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या संस्थेसाठी केलेल्या अहवालात आहेत. क्रीडासुविधांच्या पानावर माझाही एक जुना फोटो आहे, मी डाव्या कोपऱ्यात झेप घेतलेला. तो तिथं राहू द्या. पण संघ बंद करून तो छापू नका.

‘पुढं जाऊन या कुठं खेळणार आहेत?’ असंही एका बैठकीत विचारलं गेलं. प्रश्न प्रामाणिक असेल असं धरून उत्तर देते. ५ जुलै २०२५ ला चियांग माईत भारताच्या महिला संघानं थायलंडला त्यांच्याच मैदानावर २-१ हरवलं आणि २०२६ च्या आशियाई चषकात जागा मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी जिंकून या स्पर्धेत जायची ही भारताची पहिलीच वेळ. २०२२ चा आशियाई चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये १७ वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना नवी मुंबईत झाला. तो बघायला मी पाच मुलींना घेऊन गेले होते. स्पेननं कोलंबियाला १-० हरवलं. परतीच्या गाडीत कोल्हापूर येईपर्यंत कुणी डोळा मिटला नाही.

पण सगळ्या जणी भारताकडून खेळणार नाहीत, आणि त्याची गरजही नाही. आमच्या निम्म्या मुलींच्या घरून परवानगी मिळते ती पोलिस भरतीसाठी. भरतीत मुलींना ८०० मीटर धावायचं असतं आणि फुटबॉलची पोर ते सहज धावते, हे आता वडिलांना कळलं आहे. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. ते मिळवायला वरच्या पातळीवरच्या स्पर्धेतलं यश लागतं, आणि तिथवरची वाट महाविद्यालयाच्या संघातून सुरू होते. संघाची नोंदणी बंद केलीत तर ही वाट पहिल्या पायरीलाच तुटते. मुलाची तुटत नाही, मुलीची तुटते.

राहिली १७ नंबर. तिचं लग्न झालं. ‘मुली लग्न करून जातात, संघ कसा टिकणार’ असं जे म्हटलं जातं, त्यात सातपैकी ही एकच बसते. आणि तीही पुरती बसत नाही. ती शहरातच राहते, टी.वाय.बी.ए.ला आहे, तिचा प्रवेश चालू आहे. सासूबाईंनी मला चहा करून दिला आणि म्हणाल्या, ‘सकाळची येऊ दे की, मी बघते डबा.’ तिला खेळायचं आहे का, हे महाविद्यालयातून कुणी विचारलंच नव्हतं. यादी करताना नावापुढे ‘विवाहित’ लिहून ते खोडलं गेलं.

सूचना वाचल्यावर मी सगळ्यांच्या घरी जाऊन आले. हमीपत्र रद्द झालं, तर ४ नंबरचे वडील तिला पाठवायला तयार आहेत. आपण त्यांना दोन ओळी लिहिल्यात तर फार बरं होईल. सराव चारला असेल, तर ९ नंबर येईल. टीए-डीए आधी मिळणार असेल, तर ६ आणि १४ दोघी येतील. १७ नंबर तर आलेलीच आहे, मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी. आजच्या ११ आणि या पाच, अशा १६ होतात. संख्या उपलब्ध आहे.

म्हणून आपल्याकडे आमच्या मागण्या अशा आहेत.

१. २४ नोव्हेंबरची सूचना मागे घ्यावी आणि पुढच्या वर्षासाठी मुलींच्या संघाची नोंदणी वेळेत करावी.

२. मुलींच्या फुटबॉलचं खातं वेगळं करावं. मंजूर रक्कम आणि झालेला खर्च वर्षातून दोनदा जिमखान्याच्या फलकावर लावावा. प्रवास आणि जेवणाचे पैसे निघण्याआधी द्यावेत. ६ आणि १४ नंबरची अडकलेली रक्कम पूर्ण द्यावी.

३. आठवड्यातले तीन दिवस संध्याकाळी चार वाजता ग्राउंड मुलींना मिळावं. मुलांचा संघ तयार आहे, त्यांच्या कर्णधाराची सही निवेदनावर आहे.

४. खेळासाठी बाहेर असलेल्या दिवसांच्या हजेरीचं पत्र विभागाला जाईल तेव्हा त्याची पोचीसह प्रत खेळाडूच्या हातात मिळावी. सामन्याच्या दिवशी आलेली प्रात्यक्षिकं आणि अंतर्गत परीक्षा पुन्हा घ्याव्यात. क्रीडेतली सहअभ्यासक्रमाची श्रेयांकं खेळणाऱ्यांना खेळावरच द्यावीत. ४ नंबरकडून घेतलेलं हमीपत्र रद्द करून तसं तिच्या वडिलांना लेखी कळवावं.

५. ११ नंबरच्या विम्याचा दावा उशीर माफ करून घेण्यासाठी महाविद्यालयानं स्वतः पाठपुरावा करावा. तो मंजूर झाला नाही, तर विद्यार्थी कल्याण निधीतून तिला मदत करावी. ग्राउंडवर प्रथमोपचाराची पेटी ठेवावी. गॅदरिंगचा मांडव खेळाच्या आखणीबाहेर घालावा.

६. मुक्कामाच्या सामन्यांना मुलींबरोबर एक शिक्षिका असावी. आजवर ती जबाबदारी मी रजा टाकून निभावली, पण माझा तिथं काही अधिकार नाही. काही झालं तर उत्तर कुणी द्यायचं, हे ठरलेलं असावं. जिमखाना समितीवर दोन खेळाडू मुली घ्याव्यात.

विद्यापीठ कायद्याच्या कलम ९७ प्रमाणे आपल्या समितीनं वर्षातून किमान चार वेळा बसायचं आहे, आणि महाविद्यालयाच्या अंदाजपत्रकाची शिफारसही आपणच करता. समितीवर विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी असतात. हा संघ बंद करण्याचा विषय समितीपुढे आला होता का, आणि त्या वेळी ते प्रतिनिधी हजर होते का, हे आम्हाला लेखी कळवावं. विषय आला नसेल, तर जानेवारीच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत तो घ्यावा आणि दोन मुलींना दहा मिनिटं बोलू द्यावं. कोण बोलणार हे त्यांनी ठरवलं आहे, त्यांची तयारी चालू आहे. मी त्या दिवशी बाहेर बसेन, आत यायचा हट्ट नाही.

सोळा मुलींच्या आणि मुलांच्या संघातल्या बावीस जणांच्या सह्यांचं निवेदन या पत्रासोबत आवक-जावक विभागात दिलं आहे. पोच घेतली आहे.

बैठकीआधी समितीतल्या कुणालाही मुलींना भेटायचं असेल, तर सकाळी सहा ते साडेसात या वेळात ग्राउंडवर यावं. मागच्या फाटकानं आलात तर जवळ पडेल. उत्तरेच्या कोपऱ्यातले खड्डे गेल्या रविवारी मुलींनी मुरूम आणून बुजवले आहेत, आता तिथून चालता येतं.

आपली नम्र,
माजी कर्णधार आणि गोलकीपर,
महिला फुटबॉल संघ, २०१४ ते २०१७
कोल्हापूर, डिसेंबर २०२५